डब्याचे आठ कान

काय काम करायचे तुम्ही, असं कोणी विचारलं की मी सांगतो, नकाशे काढायचो. समोरचा मग हमखास विचारतो, "गावाचे का शेताचे?" तिथंच माझं डोकं फिरतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आमची शांता लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगत आली आहे, तेव्हा विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नाही.

मी वायरिंगचे नकाशे काढायचो. मध्य प्रदेशातल्या सौसरच्या बाहेर नागपूर रस्त्यावर आमचा कारखाना होता आणि तिथं बिजलीचे पॅनल बनायचे. पॅनल म्हणजे एक लोखंडी कपाट. बाहेरून हिरवं बटण, लाल बटण, दोन दिवे. आत शे-दोनशे तारा. सरकी काढायचं कापसाचं जिन असो, तेलाची घाणी असो, नळयोजनेचा पंप असो, मोटारीवर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीला असं कपाट लागतं. कोणती तार कुठून निघून कुठं जायची ते मी कागदावर दाखवायचो. प्रत्येक वस्तूसाठी एक चौकोनी डबा आणि डब्यांना जोडणाऱ्या रेघा, एवढाच माझा संसार. माझी रेघ पाहून आमचा वायरमन गणपत तार ओढायचा. त्याचं एकच तत्त्वज्ञान होतं: "नकाशात हाय तं हाय." रेघ चुकली तर गणपत डोळे मिटून ती चूक तांब्याच्या तारेत उतरवून मोकळा व्हायचा.

गिऱ्हाईकंही एकेक नमुने. सावरगावचे एक संत्र्यांचे बागाईतदार आले होते. तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची जुनी रीत, तीच गोटमार. म्हणाले, "घर नदीच्या काठाले हाय जी. गोटमारीच्या दिवशी एखादा गोटा इकडे आलाच, तं डबा पिचकला नाही पाहिजे." मी मुकाट्यानं दुहेरी पत्रा दाखवला. पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर पेढे घेऊन हजर. "गोटा आला होता. डबा वाचला, खिडकी गेली." पांढुर्ण्याच्या एका जिनवाल्याला 'चालू' आणि 'बंद' यांच्या मधात तिसरं बटण हवं होतं. कायले, म्हणून विचारलं तर म्हणाला, "माहा माणूस भलता घाईचा हाय. मधात एक असंच बटण ठेवा. ते दाबेस्तोवर त्याची अक्कल ठिकाणावर येते." दिलं काढून. कशालाच न जोडलेलं, पिवळ्या रंगाचं. त्या जिनात नंतर एकही मोटर जळली नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

हे सगळं ट्रेसिंग कागदावर, शाईच्या पेनानं. चुकलं तर अर्धं ब्लेड घ्यायचं, शाई हलक्या हातानं खरवडायची आणि खरवडलेली जागा नखानं घासून गुळगुळीत करायची. जोर जास्त पडला की कागदाला भोक. माझ्या हातून वीस वर्षांत एकही भोक पडलं नाही. केसाएवढ्या रेघेतून अर्धा केस खरवडून दाखवू का, अशी पैज मी लावायचो आणि चहा जिंकायचो. डोळे आणि हात, दुसरं भांडवल आपल्याजवळ काय होतं?

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास आमच्या मालकांनी, म्हणजे भैयाजींनी, नागपूरला कुठंतरी कॉम्प्युटर पाहिला आणि त्यांची झोप उडाली. होळी झाल्यावर तो आलाच. त्याच्यासाठी ड्रॉइंगच्या खोलीत काचेची खोली झाली, खोलीला एसी लागला. आम्ही माणसं उकाड्यात आणि मशीन थंड हवेत! चपला बाहेर काढायच्या. आत गेल्यावर आधी नमस्कार करायचा. जामसांवलीच्या हनुमानाचा शेंदूर भैयाजींनी स्वतः आणून डब्याच्या डोक्यावर लावला. रोज सकाळी पडद्यासमोर दोन अगरबत्त्या, शनिवारी चार. कीबोर्डवर झाकण, खुर्चीवर प्लास्टिक, पडद्याच्या काचेवर कंपनीची चिकटवलेली पातळ पन्नी. कॉम्प्युटर बसवायला आलेला माणूस जाताना म्हणाला होता की ही काढून टाका. भैयाजी त्याच्यावर असे उखडले! "कायले काढायची? नवी वस्तू हाय. पन्नी निघाली की वस्तू जुनी झाली." कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. भैयाजींच्या स्कूटरच्या सीटवर तीन वर्षांपूर्वीचं प्लास्टिक होतं, आमच्या घरच्या रेडिओला शांतानं शिवलेलं झबलं होतं. वस्तू जपायची ही आपल्याकडची रीतच.

कॉम्प्युटरबरोबर वर्षा आली. पांढुर्ण्याच्या एका मास्तरांची मुलगी, वय एकवीस, बी.कॉम. होऊन नागपूरला सहा महिन्यांचा क्लास केलेली. सकाळच्या बसनं यायची, जेवणाचा डबा खिडकीत ठेवायची आणि चपला काढून आत जायची. भैयाजींनी फर्मान काढलं: वर्षानं मला कॉम्प्युटर शिकवायचा, मी तिला नकाशा शिकवायचा. शेहेचाळिसाव्या वर्षी मी एका पोरीचा विद्यार्थी झालो. तिला "ओ मॅडम" म्हणून हाक मारायचो, आणि त्यात आदर नव्हता हे तिला न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळा पडदा, त्याच्यावर केशरी रेघा. डबा काढणं सोपं. पण काढलेला डबा सरकवायचा, मोठा करायचा, तर माउस त्याच्यावर नेऊन टिचकी मारायची. मग डब्याच्या चार कोपऱ्यांना आणि चार बाजूंच्या मधोमध आठ बारके ठिपके उगवतात. ते पकडूनच डबा हलतो. वर्षा त्यांना हँडल म्हणायची. मी कपाळाला आठ्या घातल्या तसं तिनं सोपं करून सांगितलं, "कढईले कान असतात ना जी, तसे हे डब्याचे कान. कान धरून ओढलं की डबा वाढते. रेघेले दोनच कान, दोन टोकाले. रेघेचा कान डब्याले बरोबर जोडला तं ठिपका भरीव दिसते, नाही जोडला तं पोकळ. न जोडता डबा सरकवला तं डबा जाते आन् रेघ जागीच राहते."

"समजलं," मी म्हणालो.

"कान दिसून राहिले ना काकाजी?"

"हव. चांगले दिसून राहिले."

काही दिसत नव्हतं. केशरी डबा दिसत होता, धुरकट का होईना. कान म्हणाल तर खसखशीचा दाणा अंधाऱ्या खोलीत टाकून शोधावा तसं. वर्षा मात्र टिचकी मारायची, ओढायची, डबा वाढायचा. टिचकी, ओढ, वाढला. केसातून अर्धा केस खरवडणारा मी, आणि या कालच्या पोरीला दिसतं ते मला दिसत नाही!

हेवा एकीकडे, माझ्या भीतीचं कारण निराळं होतं. माझे वडील मोहगावला शिंपीकाम करायचे. पन्नाशी आली आणि सुईत दोरा ओवायला ते आधी आईला हाक मारू लागले. मग काज करायचे सोडले. मग कापड बेतायचं सोडलं. शेवटची अकरा वर्षं मशीनजवळ बसून नुसतं पायडल हलवायचे. काचबिंदू वंशात उतरतो, हे कोणी तरी मला लहानपणी सांगून ठेवलं होतं. आता उतरला, मी मनाशी म्हणालो.

सौसरला डोळे दाखवले असते तर संध्याकाळपर्यंत कारखान्यात बातमी. म्हणून लग्नाचं खोटं निमित्त काढून पांढुर्ण्याला गेलो. डॉक्टरांनी तपासलं, थेंब टाकले, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली.

"काही नाही हो. चाळिशीचा चश्मा लागला, बस. बाकी डोळे ठणठणीत हायेत."

"मंग मले बारीक ठिपके कायले दिसत नाहीत?"

"कुठचे ठिपके?"

कॉम्प्युटरचं नाव काढलं असतं तर गोष्ट फुटली असती. मी उठलो. चष्मा बनवून घेतला, बसमध्ये खिडकीपाशी बसून बाहेरच्या पाट्या वाचत आलो. सगळ्या स्वच्छ वाचता आल्या. दुसऱ्या दिवशी, वर्षा बाहेर गेली तेव्हा, चष्मा लावून पडद्यासमोर बसलो. डबा आणखी थोडा मोठा दिसला. कान गायबच. डॉक्टर आपल्याला खरं सांगत नाहीत, एवढंच माझ्या डोक्यानं घेतलं. त्या रात्री जेवलो नाही. शांतानं विचारलं तर तिच्यावरच ओरडलो, मग पाणी प्यायला उठलो आणि अंधारात चूल ते माठ किती पावलं ते मोजून ठेवलं.

आता जी गोष्ट सांगतो ती सांगायला मला आजही लाज वाटते.

सौसरच्याच एका तेलघाणीचं पॅनल होतं. नकाशा वर्षानं कॉम्प्युटरवर उतरवला होता. ती दुपारी चहाला गेली. मला मोटारीचा डबा जरा उजवीकडे हवा होता. अंदाजानं टिचकी मारली, ओढला, सरकला! मी खूश. मोकळ्या झालेल्या जागेत, बिघाड झाला की वाजतो त्या भोंग्याचा डबा आणून बसवला, छान दिसलं. हिरव्या बटणाची तार आधी मोटारीत जात होती. मोटर सरकली, तार जागीच राहिली, आणि आता ती सरळ भोंग्यात शिरलेली दिसत होती. ते माझ्या लक्षातच आलं नाही. प्रिंट निघाली, गणपतला मिळाली. नकाशात हाय तं हाय.

दोन दिवसांनी पॅनल तपासायला लावलं. गणपतनं हिरवं बटण दाबलं. मोटर हलली नाही, भोंगा मात्र असा कडाडून वाजला की बस! सकाळचे साडेदहा वाजलेले. आमच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी भोंग्यावरच व्हायची. साठ माणसांनी हातातले पाने-पकडी खाली ठेवले आणि डबे घेऊन लिंबाखाली जाऊन बसली. भैयाजी कचेरीतून धावत आले तोपर्यंत पहिली भाकर मोडून झाली होती. कोणी उठायला तयार नाही. "भोंगा झाला ना जी," असं सगळे म्हणायचे.

आज हसू येतं. तेव्हा भैयाजी लालबुंद होऊन आमच्या खोलीत शिरले. "कोणी काढला हा नकाशा?"

'मी' म्हणायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण 'मी' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की असं कसं झालं, आणि मग दिसत नाही हे कबूल करावं लागलं असतं. मी वर्षाकडे पाहिलं. वर्षा खाली पाहून म्हणाली, "माझ्याकडूनच झालं असेल भैयाजी."

तिला काय काय बोलले ते! मी रेघा ओढायचा माझा टी-स्क्वेअर पुसत बसलो. गणपत सांगत होता की संध्याकाळी बसमध्ये ती पदराआड रडत गेली.

त्याच आठवड्यात मोठं काम आलं. एका नगराच्या नळयोजनेसाठी चार पंपांचं पॅनल. सरकारी साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन नकाशा तपासणार, पॅनल तपासणार. आमच्याकडे नकाशे कॉम्प्युटरवर निघतात अशी फुशारकी भैयाजी मारून बसले होते. त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"या वेळी भोंगा वाजला तं समजून घ्या. मी नकाशे नागपूरहून काढून घेईन. ही काचेची खोली बंद आन् तुमचं टेबलही बंद. दिवाळीआधी दोघांची सुट्टी."

"भैयाजी, ते मशीनच जरा..." मी चाचरलो.

"नाचता येईना, अंगण वाकडं! देवरावजी, वीस वर्षांत तुम्ही असं बोलले नाही."

खरंच बोललो नव्हतो. नवरात्रभर आम्ही दोघं त्या नकाशाला बसलो. दीडशे रेघा, म्हणजे तीनशे कान. वर्षा माउस चालवायची, मी शेजारी बसून माझ्या हातच्या कच्च्या नकाशावरून सांगायचो. एकेक पान छापून निघालं की गणपत तारा ओढायला घ्यायचा. "इथून तिथं. जोडलं?" "जोडलं असेल काकाजी." "असेल म्हणजे?" "जोडलं, जोडलं." मी तिच्यावर खेकसायचो, ती अजून हळू बोलायची. सांगायला पाहिजे, नकाशा तिच्या डोक्यात झपाट्यानं उतरत होता. कोणती तार आधी, कोणती मागून, हे ती आता न विचारता सांगायची. मी कौतुकाचा एक शब्द काढला नाही.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांना आराम. घासूनपुसून, गंधफूल वाहून पाटावर ठेवायची, आणि दसऱ्याच्या सकाळी पुन्हा पूजा करून मगच उचलायची. तोवर पेनालासुद्धा हात लावायचा नाही. गणपतनं पान्यांपासून ड्रिल मशीनपर्यंत सगळं घासलं. माझा टी-स्क्वेअर, कंपास, पेनं आणि ते अर्धं ब्लेडसुद्धा पाटावर चढलं. कॉम्प्युटरची पूजा दरवर्षीप्रमाणे, म्हणजे पहिल्यांदाच, भैयाजींच्या आई करणार होत्या. त्यांना सगळे माताजी म्हणायचे. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, आणि भैयाजींना "अरे बंड्या" म्हणणाऱ्या जगातल्या एकमेव व्यक्ती.

माताजींना मशीनचं तोंड उजळलेलं दिसावं म्हणून भैयाजींनी ते चालू ठेवायला लावलं होतं. पूजेआधी शेवटचं एकदा पाहावं म्हणून वर्षानं सगळाच्या सगळा नकाशा निवडून ठेवला होता, म्हणजे सगळे कान उगवलेले. मला अर्थातच धुराशिवाय काही दिसत नव्हतं.

माताजींनी बोट गंधात बुडवलं, पडद्याकडे नेलं आणि थांबल्या.

"हे काय हाय?"

"पन्नी हाय आई. नवी वस्तू हाय ना."

"अरे बंड्या, देवाले काय पन्नीवरून गंध लावतात? उद्या प्लास्टिकच्या पिशवीतून नैवेद्य दाखवशील! काढ ते."

"आई, खराब होते ना..."

"तू काढतो का मी काढू?"

भैयाजींनी कोपरा नखानं उचलला. सहा महिन्यांच्या अगरबत्तीचा धूर खाऊन ती पन्नी चहाच्या गाळणीसारखी पिवळी झाली होती. चटचट आवाज करत ती वरपासून खालपर्यंत निघाली, आणि बाप्पा रे! पडद्यावर जणू कोणी शेकडो बारके दिवे लावले. डब्या-डब्याला आठ आठ कान. प्रत्येक रेघेच्या टोकाला ठिपका. भरीव, भरीव, भरीव... पोकळ. मला दिसत होतं! खोलीच्या दारापासून, माणसांच्या खांद्यावरून मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वडिलांचं पायडल, डॉक्टर, माठापर्यंतची पावलं, सगळं त्या पाण्यासोबत निघून गेलं. डोळे ठणठणीत होते माझे! या वेळी अंगणच वाकडं होतं.

शेजारी वर्षा उभी होती. तिचं तोंड उघडंच. ती कुजबुजली, "काकाजी, मलेबी दिसत नव्हतं."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. क्लासात शिकवलं होतं की कान कोपऱ्याले असतात, मधात असतात. तिथं अंदाजानं टिचकी मारू. लागली तं लागली. मले वाटे, तुम्हाले दिसून राहिलं. तुम्ही हव म्हटलं ना. मंग मी कशी सांगू? नवी पोरगी, आंधळी, ठेवतं कोणी?"

मी तिच्या तरुण डोळ्यांवर सहा महिने जळलो होतो, आणि ती माझ्या अनुभवी डोळ्यांना घाबरत होती. दोघं जण एकाच धुरकट काचेसमोर बसून एकमेकांना 'हव, हव' करत होतो.

"भोंग्याचा डबा मी सरकवला होता वर्षा," मी म्हणालो. "तू चहाले गेली तेव्हा."

ती माझ्याकडे वळली. "मले तं वाटलं माझाच कान सुटला. दिसतच नव्हतं ना, मंग मीच चुकली असेल. बाबांनाही तसंच सांगितलं मी."

मास्तरांच्या घरी ती स्वतःला दोषी ठरवून मोकळी झाली होती. तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तेवढ्यात आरती सुरू झाली आणि आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं की नकाशात पोकळ ठिपके आहेत, आणि उद्या सकाळपर्यंत माउसला हात लावायचा नाही! पूजा झाली की भैयाजी मशीन बंद करणार, आणि माताजींची पाठ वळली की पन्नी पुन्हा चिकटवणार नाहीत याचा काय भरवसा? लिहून घ्यावं तर पेनं पाटावर. मग काय, सगळं गाव आरती म्हणत होतं आणि आम्ही दोघं टाळ्या वाजवत पडद्यात डोळे खुपसून मोजत होतो.

"दुसऱ्या पंपाचं लाल बटण," मी ओठातल्या ओठात म्हणालो.

"तिसऱ्याचा फ्यूज," ती.

"भोंगा, वरची तार."

"चौथ्याचा दिवा. नऊ झाले काकाजी."

एकूण अकरा निघाले. सहा तिनं पाठ केले, पाच मी. माताजींनी आरतीचं तबक आमच्यासमोर धरलं आणि भैयाजींना म्हणाल्या, "पाहून घे बंड्या, भक्ती कशी असते ते. पापणी हलवली नाही दोघांनी."

दसऱ्याच्या सकाळी मी पाच किलोमीटर सायकल हाणत गेलो, वर्षा पहिल्या बसनं आली. पूजा करून हत्यारं उचलली. अकराच्या अकरा कान जोडले. पहिले सहा तिनं, मग तिनं खुर्ची रिकामी केली आणि म्हणाली, "बसा." उरलेले पाच मी जोडले. ठिपका पोकळचा भरीव होताना पाहायची जी मजा आहे, ती मी तुम्हाला शब्दांत सांगू शकत नाही. मी एक डबा उगाच मोठा केला, उगाच लहान केला. वर्षा हसून लोटपोट. "काकाजी, खेळून राहिले का?" "हव, खेळून राहिलो. सहा महिन्यांचं बाकी हाय." प्रिंटर चरचरत होता आणि आम्ही सोनं वाटत होतो. आपट्याचं पान मी तिच्या हातावर ठेवलं तेव्हा पहिल्यांदा "मॅडम" म्हटलं नाही.

गणपतनं दिवसभर बसून अकरा तारा बदलल्या. न कुरकुरता. नकाशात होत्या ना.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. उंच, अबोल माणूस. रेघांवरून पेन्सिलीचं टोक फिरवत नकाशा अर्धा तास पाहिला. मग पॅनलसमोर उभे राहिले. गणपतनं पहिलं हिरवं बटण दाबलं. सगळा कारखाना श्वास रोखून, आणि लिंबाखाली दोघं जण डबे काखेत मारून तयार. आतून 'ठक्' असा आवाज झाला, पहिल्या पंपाचा दिवा लागला. दुसरा. तिसरा. चौथा. भोंगा गप्प. मग साहेबांनी स्वतः बिघाडाचं बटण दाबलं, तेव्हाच तो वाजला, जिथं वाजायला पाहिजे तिथं. लिंबाखालचे दोघं लगेच बसले.

"नकाशा अच्छा है," साहेब म्हणाले. "किसने बनाया?"

"कॉम्प्युटर ने," भैयाजी छाती काढून म्हणाले.

आता मात्र माझं नाक लाल झालं. "कॉम्प्युटरनं नाही साहेब. हिनं बनवला, वर्षानं. मी शेजारी बसलो होतो." आणि जीभ सुटलीच होती तर थांबवली नाही. "आन् भैयाजी, तेलघाणीचा भोंगा मी वाजवला होता. हिची त्यात काही चूक नाही. त्या दिवशी मी बोललो नाही, कारण मले काही दिसून नाही राहिलं होतं. आन् दिसून नाही राहिलं होतं, कारण तुमची पन्नी!"

भैयाजी माझ्याकडे, मग वर्षाकडे, मग साहेबांकडे पाहू लागले. साहेबांना मराठी किती कळलं देव जाणे, पण 'पन्नी' कळलं, आणि तो अबोल माणूस असा हसला की भैयाजींनाही हसावंच लागलं. वर्षाला त्यांनी सगळ्यांसमोर "बेटा, चुकलं माझं" म्हटलं. संध्याकाळी मी तिच्यासोबत बसनं पांढुर्ण्याला गेलो, मास्तरांच्या घरी चहा घेतला आणि तेच सगळं त्यांना पुन्हा सांगितलं. मास्तर म्हणाले, "कबूल करायले येवढ्या दूर आले!" त्यापेक्षा लवकर यायला पाहिजे होतं, हे ते सज्जन असल्यामुळे बोलले नाहीत.

पुढं वर्षा नागपूरच्या एका मोठ्या कारखान्यात गेली, ड्रॉइंगची मुख्य झाली आणि तिथूनच निवृत्तही झाली. दर खंडेनवमीला तिचा फोन येतो.

मागच्या वर्षी माझ्या डोळ्यांनी खरोखरच दगा दिला. आधी वाटलं, आला वडिलांचा काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, निघतो. तरी ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी पलंगापासून दारापर्यंतची पावलं मोजलीच. शांता म्हणाली, "मोजा, मोजा. हौस फिटू द्या."

सकाळी पट्टी निघाली. आधी खिडकी दिसली, मग शांताच्या लुगड्याची किनार, मग दारात उभी असलेली एक बाई.

"काकाजी," ती म्हणाली, "पन्नी निघाली का?"

"निघाली," मी म्हणालो. मग डोळे मिचकावून नीट पाहिलं. "पन वर्षा, तुझे केस कधी पांढरे झाले वं?"

"दहा वर्षं झाली जी," ती म्हणाली. "मले वाटे, तुम्हाले दिसून राहिलं."